पंधरा सेंटिमीटरची शीर

1981 साली जपानच्या क्यूशू बेटावर, कागोशिमा प्रांतातल्या हिशिकारीजवळ, सरकारी खनिज संस्थेने एक बोअर मारली. वर आलेल्या दगडी दांडक्यात, म्हणजे कोअरमध्ये, गारेची एक शीर निघाली. जाडी जेमतेम 15 सेंटिमीटर. तपासणीचा आकडा आला: टनाला 290 ग्रॅम सोनं.

टनामागे जवळजवळ पंचवीस तोळे! जगातल्या कितीतरी खाणी पाच ग्रॅमही न मिळता चालतात. पण मला गंमत वाटते ती पुराव्याची. कोअर पाच सेंटिमीटर जाडीचा धरला, तर शिरेचा तेवढा तुकडा पाऊण किलोचा, आणि त्यात सोनं दोन गुंजांहूनही कमी. त्यातही शिरस्ता असा, की कोअर उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेत दळायला, अर्धा पेटीत जपून. म्हणजे अख्ख्या डोंगराचा अंदाज एका गुंजेच्या आसपास सोन्यावर.

म्हणूनच पहिल्या आकड्यांवर लगेच भाळू नये. शीर उभी आणि बोअर तिरकी असेल, तर शीर खऱ्या जाडीहून रुंद दिसते. शिवाय दीड मीटर रुंद खोदायचं म्हटलं तर आजूबाजूचा वांझ दगडही येतोच. 290 चे मग 29 होतात. (29 सुद्धा चैनच म्हणायची!) 15 सेंटिमीटरला 290 आणि 15 मीटरला 2.9, दोन्हींत सोनं तेवढंच. कंपनीचं पत्रक वाचताना हा गुणाकार आधी करावा.

हे सोनं तिथे आलं कसं? खोल झिरपलेलं पाणी ज्वालामुखीच्या धगीने दोनशे अंशांच्या घरात तापलं. नुसत्या पाण्यात सोनं विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, पण गंधकाची सोबत मिळाली की विरघळतं. हे पाणी फटींतून वर चढताना दाब उतरला आणि ते उकळलं. गंधकाचा वायू वाफेबरोबर निसटला, सोबत सुटलेलं सोनं फटीच्या भिंतींना धरून बसलं. फट पुन्हा उघडली, पुन्हा थर. हिशिकारीच्या दगडात पांढऱ्या गारेमधून काळपट रेघा जातात. खाणवाले त्यांना गिनगुरो म्हणतात. सोनं-चांदीचा खरा साठा त्या रेघांत, आणि सोन्यात चांदी निसर्गतःच मिसळलेली.

पुढच्या बोअरनीही निराशा केली नाही. सुमितोमो मेटल मायनिंगने 1985 मध्ये उत्पादन सुरू केलं. जपानच्याच सादो बेटावरच्या प्रसिद्ध खाणीने जवळपास चारशे वर्षांत सुमारे 80 टन सोनं दिलं होतं. हिशिकारीने एव्हाना 200 टन ओलांडले आहेत.

या शिरा दहाएक लाख वर्षांच्या. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, त्यापुढे हे कालपरवाचंच. त्यामुळे खालची धग अजून विझलेली नाही: खाणीत 65 अंशांचं पाणी लागतं, ते सतत उपसावं लागतं, आणि त्यातलं काही जवळच्या युनोओ गावातल्या स्नानगृहांना जातं.