केसपेपरवरील एक रकाना

वैद्यकीय व्यवसाय आणि कायदा यांचा संबंध म्हटला की आपल्या मनात प्रथम ग्राहक न्यायालये व भरपाईच्या नोटिसा येतात. या स्मरणिकेच्या निमित्ताने मला त्या संबंधाची दुसरी, फारशी चर्चिली न गेलेली बाजू मांडावयाची आहे.

आपल्या इंदूरच्या पश्चिमेस असलेल्या धार, झाबुआ व अलिराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबे शेतीची कामे संपली की मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यांतील अनेकजण गोध्रा व बालासिनोर परिसरात गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला लागले. तेथील धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचली. काही महिन्यांच्या वा थोड्याच वर्षांच्या कामानंतर धडधाकट तरुण धापा टाकीत गावी परतले आणि एकामागून एक दगावले. हा सिलिकोसिस. त्यावर गुणकारी औषध नाही.

क्ष-किरण चित्रात तो पुष्कळदा क्षयासारखा भासतो. शिवाय सिलिकाने ग्रासलेल्या फुप्फुसाला क्षय जडण्याचा धोकाही अधिक. त्यामुळे निदान क्षयापाशीच थांबते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे. क्षय झाला तर ते दुर्दैव समजले जाते. सिलिकोसिस हा व्यवसायजन्य रोग असल्याने त्यासाठी भरपाईचा हक्क पोहोचतो.

हा हक्क सिद्ध कसा करावयाचा? नेमणूकपत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही, मजुरी रोख आणि तीही मुकादमाच्या हातून. रोगी एका राज्यात, कारखाना दुसऱ्या राज्यात. हा पेच एकट्या वकिलाला सुटणारा नव्हता. खेडुत मजदूर चेतना संगठ, इंदूरचे शिल्पी केंद्र आणि सिलिकोसिस पीडित संघ यांनी गावोगावच्या रुग्णांची व मृतांची माहिती गोळा केली. वैद्यकीय तपासण्यांनी तिला आधार दिला. २००६ मधील जनहित याचिकेमुळे प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या कुटुंबीयांना गुजरात शासनाने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि ३०४ पीडितांचे पुनर्वसन मध्य प्रदेश शासनाने करावे, अशी शिफारस केली. ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्यांच्यासाठी हा लढा होता, ते २३८ जण तोवर कधीच गेलेले होते.

यात आपला वाटा कोणता? असे श्रमिक मी तपासले आहेत. ‘काय काम करता?’ या प्रश्नाला ‘मजुरी’ एवढेच उत्तर मिळते. कोठे, कसली, किती दिवस, असे खोदून विचारले तरच दगडाच्या भुकटीची गोष्ट बाहेर येते. ती केसपेपरवर तारखेसह उतरली, तर ज्याच्यापाशी एकही कागद नाही त्याच्या हाती पहिला पुरावा येतो. व्यवसायजन्य रोगाची माहिती शासनास कळविण्याचे कर्तव्य १९४८ च्या कारखाने अधिनियमाने डॉक्टरांवर घातले होते. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले आहे.

पुढचा दुवा विधी सेवा प्राधिकरणाचा. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहेत. तथापि ज्याला आपल्या आजाराचे नावच ठाऊक नाही, तो प्राधिकरणाच्या दारी जाणार तरी कसा?

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या संस्थेच्या आरोग्य शिबिरांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एका प्रतिनिधीस आणि श्रमिकांमध्ये काम करणाऱ्या एका कार्यकर्त्यास आवर्जून बोलवावे. सभासदांनी आपापल्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना छापून घ्यावा व तो स्वतः विचारून भरावा. आपले पूर्वजही कधीकाळी नर्मदा ओलांडून या माळव्यात आले आणि या भूमीने त्यांना आपलेसे केले. पोटासाठी सीमा ओलांडणाऱ्या आजच्या माणसाला आपल्या लेखणीच्या चार ओळी न्यायाच्या दारापर्यंत नेऊ शकतात. त्या लिहावयास फार तर दोन मिनिटे लागतात.