डालड्याचा नातू पिझ्झ्यावर

फेब्रुवारी २०२४ मध्ये नगरच्या एका बर्गर दुकानातल्या ‘चीज’वरून गदारोळ झाला. मार्च २०२५ मध्ये नकली पनीर विधानसभेत गाजलं. दोन्ही वेळा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, अ‍ॅनालॉग, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेली नक्कल. वर्ध्यातल्या सँडविचच्या गाड्यांवर मात्र पाटी अजून ‘चीज’चीच.

चीजला तार सुटते ती नावामुळे नाही, कॅल्शियममुळे. दुधातल्या केसीनचे कण कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरलेले असतात. आंबण्याने ते थोडं सुटलं की पकड सैल होते. मोझरेलाचं गोठलेलं दूध ५.२ पीएचच्या आसपास आलं, की गरम पाण्यात लांबतं. पनीर याच्या उलट. दूध आधी उकळल्याने निवळीतली प्रथिनं केसीनला चिकटतात, म्हणून ते तव्यावर लाल होईल, वितळणार नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेट घालतात. हे क्षार कॅल्शियम ओढून घेतात, आणि गरम केलं तरी तूप वेगळं सुटत नाही.

चेडर हे इंग्लंडमधलं गाव, गौडा हे डच शहर आणि ‘पिझ्झा चीज’ म्हणजे नुसतं कामाचं नाव. यातल्या एकाही नावावरून स्निग्धांश दुधाचा की तेलाचा ते कळत नाही. गोम तिथेच आहे. केसीन, पामतेल आणि तेच क्षार घेतले की तयार होणारं अ‍ॅनालॉग झकास वितळतं, स्वस्तही पडतं. कायद्याने ते विकता येतं, फक्त चीज म्हणता येत नाही.

हे भांडण वर्ध्याला नवं नाही. सेवाग्रामला असताना गांधीजी तुपाच्या नावाखाली खपणाऱ्या वनस्पतीविरुद्ध, म्हणजे डालड्यासारख्या तुपाविरुद्ध, लिहीत होते. मगनवाडीत ग्रामोद्योगवाल्या जे. सी. कुमारप्पांचाही तिला विरोध होता. गोसेवा संघ इथलाच, १९४१ चा. इथल्या गोरस भांडाराचं नाव घेतलं की दूध गाईचं, एवढं वेगळं सांगावं लागत नाही. पुढे सरकारने वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. तुपात भेसळ असली, की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरलने नमुना गुलाबी-लाल होई. परीक्षानळीपुरतं काम!

अ‍ॅनालॉगमध्ये अशी खूण नाही. वनस्पती तेलातले स्टेरॉल शोधायला प्रयोगशाळाच गाठावी लागते. पाकिटावर ‘खाद्य वनस्पती तेल’ छापलेलं असतं खरं, पण गाडीवर पाकीट कोण दाखवतो? तिळाच्या तेलासारखी एखादी खूण इथेही सक्तीची करायला सरकारला कोण अडवतंय, हे मानकं ठरवणाऱ्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला (एफएसएसएआय) विचारायला हवं.