रंगाचा शेजार

घराला रंग देऊन झाला, रंगाऱ्याचे पैसे चुकते झाले, सामान जागच्या जागी लागले, की दोन दिवसांनी घरातले कोणीतरी हमखास म्हणते, "हा आपण निवडलेला रंग नव्हेच!" कार्डावर जी छटा साईसारखी दिसत होती ती भिंतीवर गुलाबट दिसते, राखाडी म्हणून आणलेला रंग निळसर निघतो आणि कालपर्यंत भारदस्त वाटणारे सागवानी कपाट एकाएकी लालभडक दिसू लागते. मग उलटतपासणी सुरू होते. दुकानदाराने डबा बदलला, रंगाऱ्याने पाणी जास्त घातले, पॉलिशवाल्याने हलका माल वापरला. माझे म्हणणे असे की, या खटल्यातले बहुतेक आरोपी निर्दोष असतात. खरा गुन्हेगार असतो शेजार, आणि त्याचा साथीदार म्हणजे दिवा.

हे मत माझ्या पदरचे नाही. पॅरिसला गोबेलँ नावाचा, भिंतीवर टांगायची चित्रमय वस्त्रे विणणारा, जुना आणि नामांकित कारखाना आहे. तेथील रंगशाळेचा प्रमुख म्हणून मिशेल युजेन शेव्हरूल या रसायनशास्त्रज्ञाची १८२४ साली नेमणूक झाली. त्याच्याकडे तक्रार आली की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्या दाखवण्यासाठी वापरलेली काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. त्याने दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. आपल्या लोकरीत काही उणे नव्हते. काळ्याला फिके पाडत होता तो शेजारचा निळा. या एका तक्रारीचा पाठपुरावा करीत त्याने रंगांच्या परस्परविरोधावर भला थोरला ग्रंथ लिहिला; तो १८३९ साली प्रसिद्ध झाला.

त्याच्या नियमाचा प्रत्यय घ्यायला प्रयोगशाळा नको. लाल कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावे आणि नजर कोऱ्या पांढऱ्या कागदावर वळवावी. तेथे हिरवट ठिपका तरंगताना दिसेल. लाल रंग पाहून थकलेला डोळा त्याच्या विरुद्ध बाजूचा रंग आपण होऊन उभा करतो. शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतही असेच काहीसे घडते; प्रत्येक जण दुसऱ्यावर आपल्या विरोधकाची झाक टाकतो. लालाच्या विरुद्ध हिरवा, पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा आणि नारिंगीच्या विरुद्ध निळा, एवढी तीन भांडणे लक्षात ठेवली तरी घरापुरते काम भागते.

यात एक गंमत आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. विरुद्ध रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना चेतवतात. तेच एकत्र कालवले तर एकमेकांना गप्प करतात. हिरव्या भिंतीपुढे लाल कपाट अधिक लाल दिसते, पण त्याच लाल पॉलिशमध्ये हिरव्या रंगाचा थेंब मिसळला तर ते तपकिरीकडे झुकते. म्हणजे औषध तेच. ते लावायचे की पोटात द्यायचे, यावर गुण अवलंबून. नको असलेली झाक घालवायला निघालेली माणसे नेमका इथेच घोटाळा करतात. कपाट फार लाल दिसते ना, मग भिंत हिरवी करू म्हणजे बरोबरी होईल, असे त्यांना वाटते.

माझ्या मावशीच्या घरी असेच झाले होते. तिच्या सासूबाईंचे सागवानी कपाट आहे. आरसा घडवणीचा आणि बिजागऱ्या पितळी. मागे कधीतरी त्याला महागनी छटेचे पॉलिश झाले, आणि पुढे खोलीला फिकट पिस्ता रंग दिला गेला. त्या दिवसापासून कपाट डोळ्यांत खुपू लागले. जुने सामान घेणारा येऊन किंमतही सांगून गेला. ती इतकी थोडी होती की त्यात नवे प्लायवूडचे कपाट अर्धेही आले नसते. पण मावशी वैतागली होती. "रोज सकाळी उठून हे कुंकवाचे पोते कोण बघणार? घेऊन जाऊ दे," ती म्हणाली.

मी म्हटले, "मावशी, चार दिवस थांब." तिची एक जुनी बदामी चादर कपाटाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, भिंत झाकेल अशी लावली. पिस्ता रंग दृष्टीआड होताच कपाटाचा लालपणा निम्मा उतरला. संध्याकाळी खोलीतला पांढराशुभ्र दिवा काढून पिवळसर उजेडाचा लावला, तेव्हा उरलेल्या लालीत तपकिरी ऊब आली. पुढच्या वर्षी भिंतच बदामी झाली. तरीही दारांच्या फळ्यांवर थोडी लाली राहिली होती. ती पॉलिशवाल्याने मारली. चपडी स्पिरिटात विरघळवून केलेल्या पॉलिशमध्ये त्याने हिरवा रंग चिमटीएवढा घातला आणि आधी कपाटाच्या पाठीवर वीतभर जागेत लावून पाहिला. दोन पातळ हात पुरले. कपाट आजही तिथेच आहे आणि ते घ्यायला आलेला गृहस्थ पुन्हा आला तेव्हा मावशीने त्याला चहा देऊन वाटेला लावले.

या उपायाला मर्यादा आहे ती सांगितली पाहिजे. रंगात विरुद्ध रंग मिसळला की झाक मरते, पण तेजही थोडे मरते. लाकूड काळवंडते, उजळत कधीच नाही. हात सैल सुटला तर सगळे चिखलासारखे होते. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा: आधी दिवा, मग शेजार, मग झाक मारणे, आणि सगळे थकले तर खरवडणे. आपल्याकडे नेमके खरवडण्यापासून सुरू करतात. जुन्या तैलरंगांत तर शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलात आले. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणे मुलाबाळांच्या जिवाशी खेळ आहे.

कालवून झाक मारण्याची युक्ती आपल्या आजी-पणजींना चांगली ठाऊक होती. नीळ ती हीच. धोतर पिवळट पडले की निळीच्या पाण्यातून काढायचे आणि चुन्याच्या सफेदीतही निळीची पुरचुंडी फिरवायची. पिवळ्या झाकेला निळी झाक मारते. खरे पाहता निळीमुळे भिंतीवरून परतणारा उजेड किंचित कमीच होतो. पण पिवळेपणा गेल्यामुळे डोळा तिला अधिक पांढरी मानतो. नीळ हे नाव झाडापासून काढलेल्या निळीचे, पण सफेदीतली ही नीळ वेगळी. तिचे इंग्रजी नाव अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग राजावर्त खडा कुटून काढीत आणि तो चित्रकारांनाही परवडत नसे. ज्याँ बाप्तिस्त गिमे या फ्रेंच माणसाने तो कारखान्यात स्वस्तात करून दाखवला आणि १८२८ साली त्याबद्दल पारितोषिक मिळवले. चुन्यात हा रंग टिकतो. प्रशियन निळा मात्र चुन्याच्या क्षाराने मोडतो.

राखाडी रंग निळसर का निघतो तेही यावरून उमजेल. पांढऱ्यात काजळीचा काळा मिसळला की होणारा राखाडी मुळातच थंड, निळ्याकडे कललेला असतो. त्यात अंबर किंवा पिवडी थोडीशी घातली तर तो मवाळ होतो. त्या भिंतीपुढे नारिंगी झाकेचे सागवान असेल तर मूळ निळेपणा आणखी उफाळतो, हे वेगळे सांगायला नको.

दिव्याविषयी दोन शब्द. जुना तारेचा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा पिवळसर उजेड द्यायचा. हल्ली 'कूल डेलाइट' म्हणून मिळणारे एलईडी दिवे ६५०० केल्विनचे, निळसर असतात. दुकानात एका उजेडात निवडलेला रंग घरी दुसऱ्या उजेडात पाहायचा म्हटल्यावर फसगत ठरलेलीच. शिवाय खिडकीबाहेर आंब्याचे झाड असेल तर त्याची हिरवाई आणि खाली तांबडी फरशी असेल तर तिची लाली भिंतीवर उतरते.

पांढऱ्या तैलरंगाचा एक स्वभाव फारसा कोणाला माहीत नसतो. दारावर टांगलेले कॅलेंडर वर्षाने काढले तर त्याखालचा रंग भोवतालापेक्षा पिवळा आढळतो. लोक म्हणतात, ओल आली. ओल नव्हे, जवसाच्या तेलाचे आणि त्या जातीचे रंग अंधारात पिवळे पडतात आणि उजेडात पुन्हा काही अंशी निवळतात. तेव्हा तिथे घाईने ब्रश मारू नये, काही आठवडे उजेड खाऊ द्यावा. पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगांना ही खोड जवळजवळ नाही.

रंग निवडताना बोटभर कार्डावर विश्वासू नये. चारी भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, त्यामुळे तीच छटा खोलीत अधिक गडद वाटते. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्याला रंग देऊन तो कपाटाशेजारी उभा करावा. सकाळी पाहावा, दुपारी पाहावा, रात्री दिवा लावून पाहावा. मात्र पुरता वाळू द्यावा. चुन्याची सफेदी ओली असताना मळकट दिसते आणि वाळल्यावर पांढरी होते. डिस्टेंपरचेही बहुधा तसेच. ॲक्रिलिक रंगाचे उलटे: ओला असताना दुधाळ आणि फिका, वाळला की एक पायरी गडद.