सागास मानवणारी जमीन

युरोपात ओक वृक्षास जे मोल आहे, ते आपल्याकडे सागास आहे. वाशीम जिल्ह्यातील डोंगरउतारांवर तो मूळचाच वाढतो. मोठी खरखरीत पाने, पावसाळ्यात येणारा बारीक पांढऱ्या फुलांचा तुरा आणि कोवळे पान चुरगळल्यास बोटांस लागणारा तांबडा रंग, ही त्याची ओळख होय.

तथापि आपल्या भागातील झाड आपल्या कोणत्याही शेतात पोसेल, हा समज नुकसानकारक आहे. सागास खोल, परंतु पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. पैनगंगेच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन कपाशीस उत्तम खरी. पण पावसाळ्यात ती चिबडते, मुळांस हवा मिळत नाही व झाड खुरटते. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते, त्यामुळे कोवळी मुळे तुटतात. उलट माळावर वीतभर मातीखाली कातळ असेल, तर झाड जगते, पण सरळ सोट वाढत नाही. टेकडीच्या पायथ्याची, मुरूममिश्रित, वरून माती वाहून आलेली जमीन सर्वांत चांगली. लागवडीपूर्वी तीन-चार फूट खोल खड्डा खणून खालचा थर पाहावा, व भर पावसाळ्यात त्यात पाणी किती दिवस साचून राहते, हेही पाहावे. एवढ्या श्रमाने पुढील अनेक वर्षांचा खर्च वाचतो.

बियांचे कवच कठीण असल्याने ती आलटून पालटून भिजवून व वाळवून पेरतात. शेतात मात्र अंगठ्याएवढ्या जाडीच्या मुळाचे खोडमूळ, म्हणजे जडी, पावसाच्या आरंभी लावणे सोयीचे. सागास सावली सोसत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे तण वाढू देऊ नये. उन्हाळ्यात गळलेला पाला लवकर पेट घेतो, याकरिता सभोवती जाळरेषा काढावी.

१९९० च्या दशकात सागापासून अल्प काळात मोठ्या लाभाची आश्वासने पुष्कळ दिली गेली. वस्तुतः वाळवीस दाद न देणारे लाकूड गाभ्याचे असते. कोवळ्या झाडात गाभा थोडा व बाहेरचे पांढरे लाकूड अधिक असते. त्यास कीड लागते व भावही येत नाही. वनविभागाच्या रानात साग ५० ते ८० वर्षे राखतात, ते याचमुळे. बांधावर साग लावणाऱ्याने तो नातवंडांसाठी लावला असे समजावे. तोडीसाठी महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ अन्वये, झाड स्वतःच्या शेतातील असले तरी, वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.