खिळे ओतणाऱ्या यंत्राचा शोधक: शंकर आबाजी भिसे

नांदेड-लातूरच्या जुन्या छापखान्यांत काम केलेल्या जाणत्यांना खिळे आठवतात. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा तो छोटा तुकडा, त्याच्या टोकाला उलटे अक्षर. जुळारी खणांच्या पेटीतून (केस) एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीवर (स्टिक) ओळ जुळवायचा. देवनागरीत काना, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत, शिवाय छापून छापून ते झिजत. त्यामुळे खिळे ओतणे हा वृत्तपत्राच्या वेगाचा खरा प्रश्न होता.

याच प्रश्नावर मुंबईत २९ एप्रिल १८६७ रोजी जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली. वजन करून जिन्नस देणाऱ्या स्वयंचलित यंत्रासाठी इंग्लंडमध्ये बक्षीस मिळाले आणि ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. खिळे ओतताना वितळलेला धातू साच्यात जाऊन गार होईपर्यंत यंत्राला थांबावे लागते, ही खरी अडचण. भिशांचे 'भिसोटाइप' हे ओतयंत्र मिनिटाला सुमारे १२०० खिळे ओतू शके, असे सांगितले जाते. त्या काळातल्या प्रचलित यंत्रांपेक्षा हा वेग कितीतरी पट अधिक होता. पुढे त्या काळचे उद्योगपती सर रतन टाटा यांनी भांडवल पुरवले, तरी धंदा उभा राहिला नाही. मला ही गोष्ट फार लागते.

नंतर ते अमेरिकेला गेले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.