पाटीवरचं नाव आणि तुरीवरची धूळ

आमच्या आक्काला भालकीहून गुलबर्ग्याकडच्या सेडम तालुक्यात दिलंय. तिकडं जमिनीच्या पोटात चुनखडी, म्हणून सिमेंटचे कारखाने. वर काळी माती, म्हणून तूर. गुलबर्ग्याच्या या तुरीच्या डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

गेल्या कार्तिकात गेलो, तर गावात एका कंपनीनं फिल्टरच्या पाण्याचा प्लांट बसवला होता. पाटी ही एवढी मोठी. आक्काची पायपीट वाचली, मला बरं वाटलं. दाजी मात्र मला शेतावर घेऊन गेले. फुलोऱ्यातल्या तुरीच्या पानावरून त्यांनी बोट फिरवलं. ते पांढरं झालं. म्हणाले, "पाणी चांगलं हाय, रोज पितो. पर ह्याचं काय?"

कंपनीचा हेतू लोक असा जोखतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला लावायला सांगितलंय, हे आता पारावरही ठाऊक आहे. द्यावंच लागतं ते दिलं, तर त्याला लोक दान म्हणत नाहीत. यून, गुर्हान-जान्ली आणि श्वार्त्झ या अभ्यासकांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगांतही हेतूवरचा असाच संशय दिसला: बदनाम कंपनीनं मदतीपेक्षा मदतीच्या जाहिरातीवर जास्त खर्च केला, की तिच्याबद्दलचं मत उलट बिघडतं. तीच मदत तिऱ्हाइताकडून कळली, तर लोक विश्वास ठेवायला तयार असतात.

आक्काला हे पटत नाही. घागर जिच्या डोक्यावर होती तिनं बोलावं, असं ती म्हणते, आणि तिचं मला खोडता येत नाही. पण प्लांट हा धुळीचा जबाब नव्हे. सिमेंट कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्येच सांगितलं. खाणीतून येणाऱ्या ट्रकांच्या रस्त्याची धूळ चिमणीवरच्या यंत्रात येत नाही. ती तुरीवर येते, आक्काच्या वाळवणावर येते.

म्हणून दाजी टँकर मोजतात. रस्त्यावर पाणी मारणारा टँकर ज्या दिवशी आला, त्या तारखेला कॅलेंडरवर गोल. त्या महिन्यात मी चार मोजले. "हे गोल महिनाभर सलग दिसू देत," दाजी म्हणाले, "मग ती पाटी मी माझ्या हातानं पुसून लख्ख ठेवतो."