औषध पोचले का?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर उजनीचे धरण आहे. कालव्याला पाणी सुटले, की टोकाचा शेतकरी एकच प्रश्न विचारतो : माझ्या उसापर्यंत किती पोचले? वाटेत काही झिरपते, काही वरच्या शेतांत जाते. धरणावर बसून उत्तर मिळत नाही. बांधावर जाऊन पाहावे लागते.

कर्करोगाच्या डॉक्टरांपुढेही असाच प्रश्न असतो. माढ्याशेजारच्या बार्शीत १९८७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली. ग्रामीण भागातील ही देशातली पहिलीच नोंदणी. रोग किती व कोठे, हे मोजणे ही पहिली पायरी. औषध रोगापर्यंत पोचले का, हे मोजणे ही पुढची.

शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्वत्र फिरते. निरोगी पेशीही माऱ्यात सापडतात. केस गळतात, उलट्या होतात. म्हणून औषध अतिसूक्ष्म कणांत भरण्याची युक्ती निघाली. १०० नॅनोमीटरचे सुमारे १००० कण ओळीने ठेवले, तर तुमच्या एका केसाची जाडी भरेल!

१९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले, की मोठे रेणू गाठीत साचून राहतात. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असल्याने त्यांना फटी असतात. कणही त्यांतून आत शिरतील, अशी आशा निर्माण झाली.

मग काम फत्ते झाले का? नाही. टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या १० वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला : टोचलेल्या दर १००० भागांपैकी साधारण ७ भागच गाठीत पोचतात. पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा अडवितात. शिवाय प्रत्येक गाठ वेगळी.

येथे एमआरआय यंत्र उपयोगी पडते. लोहाच्या ऑक्साइडचे कण चुंबकीय असतात. ते साचतात, तेथे शेजारच्या पाण्याकडून येणारा संदेश क्षीण होतो आणि चित्र काळवंडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना आधी लोहकण देऊन चित्रे घेतली, नंतर कणांत भरलेले औषध दिले. लोहकण अधिक साचलेल्या गाठी अधिक आक्रसल्या, असे आढळले. मोठ्या अभ्यासांतही हे टिकले, तर ज्याला औषध लागू पडणार नाही, त्याचा त्रास आणि वेळ दोन्ही वाचतील. कर्करोगात वेळ फार मोलाचा!

आता हिशेब करा : १०० मिलिग्रॅम औषध टोचले, तर वरच्या प्रमाणात गाठीत किती पोचेल? आणि उरलेले कोठे गेले असेल?